विश्लेषण : जुनी पिकअप न्यूट्रलला का बंद पडते? पंप खोलण्याआधी काय तपासावे?

नाशिकहून भाजीपाला भरून पिकअप रात्री वाशीच्या बाजाराकडे निघते. टोलनाक्याच्या रांगेत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरते, रेस आपोआप वर-खाली होते आणि कधी तरी गाडी बंदच पडते. रस्त्यावर मात्र ती नीट ओढते, म्हणून चालक हे दुखणे अंगावर काढतो. खरा धोका कसारा घाटात असतो. उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडले, तर ब्रेकला व्हॅक्यूम पुरवणारा पंपही थांबतो. एक-दोनदा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. गाडीला पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की बरेचदा पहिले निदान ठरलेले असते : ‘पंप गेला’. पंपाचे काम म्हणजे काही हजारांचा खर्च आणि ऐन हंगामात दोन-तीन दिवस गाडी उभी. दोष मात्र अनेकदा रबरी नळीच्या बारीक चिरेत किंवा फिल्टरच्या वॉशरमध्ये असतो. (येथे कॉम्प्युटर नसलेल्या, मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल पिकअपचाच विचार केला आहे.)

दोष न्यूट्रललाच का दिसतो?

चार सिलिंडरचे असे इंजिन न्यूट्रलला मिनिटाला साधारण ७५० ते ८५० फेरे घेते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ८०० फेरे धरले तर चारही सिलिंडर मिळून मिनिटाला १,६०० वेळा डिझेल फवारले जाते. उभ्या गाडीला तासाला पाऊण लिटर डिझेल लागते असे धरले, तर एका फवाऱ्याच्या वाट्याला एका थेंबाचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा येतो. एवढ्याशा मापात हवेचा बुडबुडा शिरला की तो फवारा चुकलाच. भरधाव गाडीत डिझेलचे माप कितीतरी मोठे असते, त्यात तीच चूक पचून जाते. त्यामुळे ‘वेगात चालते, म्हणजे इंजिन ठणठणीत’ हा समज खरा नाही.

दुखणे कधी होते?

मेकॅनिकला ‘आयडलिंग बिघडलंय’ एवढेच सांगून भागत नाही. सकाळी थंड इंजिन पांढरा धूर सोडत मिसिंग करते आणि पाच-दहा मिनिटांत सुरळीत होते? मग ग्लो प्लग (असतील तर), नोझल आणि कॉम्प्रेशनकडे बघावे. रात्रभर उभी राहिल्यावर खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, सुरू झाल्यावर रेस झोके घेते? मग डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. याउलट सकाळी ठीक असते, पण तापल्यावर पाय काढताच बंद पडते आणि लगेच सुरू होत नाही, तेव्हा पंपाचा संशय रास्त ठरतो. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपात आतल्या आतच गळते. अशा वेळी जुने मेकॅनिक पंपावर ओले कापड ठेवतात. पंप निवल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळते.

आणखी एक गंमत. कधी इंजिनाचा आवाज अगदी एकसारखा असतो, पण केबिन गदागदा हलते. तेव्हा डिझेलचा काही संबंध नसतो, इंजिनाचे माउंटिंग रबर बसलेले असते.

हवा कुठून शिरते?

ही जागा शोधणे अवघड जाते, कारण ती गळत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. तिथे चीर पडली की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, म्हणजे लाइन ठीक, असे समजू नये. क्लिपखाली कडक झालेली रबरी नळी, फिल्टर बदलताना पुन्हा तोच बसवलेला जुना वॉशर, हँड प्रायमर आणि पाणी काढण्याचा ड्रेन प्लग या चार जागा आधी बघाव्यात. फिल्टर बदलल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर पुढचे काही शोधण्याआधी तिथेच जावे.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. पंपाच्या तोंडाशी नळीचा वीतभर पारदर्शक तुकडा जोडायचा आणि इंजिन सुरू करून बघायचे. बुडबुडे धावताना दिसतात. त्याहून पक्की परीक्षा कॅनची. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच आणि तापलेल्या सायलेन्सरपासून लांब बांधायचा, त्यातून नळी थेट पंपाला द्यायची आणि हवा काढून इंजिन सुरू करायचे. आयडलिंग सुधारले, तर पंप निर्दोष. दोष टाकी ते पंप या वाटेवर आहे. या वाटेत टाकीचे झाकणही येते. त्याचे हवेचे छिद्र मातीने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल येईनासे होते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर हेच कारण.

एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर?

मेकॅनिक एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतो. चांगला सिलिंडर तोडला की इंजिनाचा आवाज बदलतो. ज्याचा नट सैल करूनही फरक पडत नाही, तो आधीपासूनच बसलेला असतो. मग तिथले नोझल, टॅपेट, शेवटी कॉम्प्रेशन. हे काम मालकाने स्वतः करू नये. उच्च दाबाचे डिझेल कातडीत घुसते आणि जखम बारीक दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. कॉमन रेल इंजिनात तर हा प्रयोग कोणीच करू नये.

स्क्रू फिरवून रेस वाढवली तर?

गॅरेजमधला सर्वात स्वस्त आणि सर्वात फसवा उपाय. गाडी बंद पडायची थांबते, पण हवा शिरतच राहते, डिझेल जास्त जाते आणि पहिला गिअर टाकताना खरखर होते. स्क्रूला हात लावण्याआधी ॲक्सिलरेटरची केबल अडकत नाही ना आणि इंजिन बंद करण्याची केबल पूर्ण मागे जाते ना, हे बघावे. ती अर्धवट ओढलेली राहिली, तरी इंजिन असेच गुदमरते. पंपावरच्या सील केलेल्या स्क्रूला तर हातच लावू देऊ नये.

एवढे करूनही पंपच दोषी ठरला, तर तो टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणी द्यावा आणि शक्य असल्यास समोर उभे राहावे. आयडलच्या वेगाला चारही नोझलना सारखे डिझेल जाते की नाही, हे बेंचवरच्या मापाच्या काचनळ्यांत कोणालाही दिसते.