निबंध वाचतं कोण? फ्रेनेसरांच्या वर्गातला छापखाना

इयरफोन लावलेत ना? मग एक प्रश्न. शाळेत तुम्ही जे निबंध लिहिलेत, पावसाळ्यातला एक दिवस वगैरे, ते वाचले कोणी? बाईंनी किंवा सरांनी. तेही गुण देण्यापुरते. मग वही रद्दीत. मला वाटतं, आपण गाइडमधून निबंध उतरवायचो त्याचं खरं कारण आळस नव्हतंच. वाचणारंच कोणी नसेल, तर स्वतःचं काही सांगायचं कोणाला?

या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी एका मास्तरांनी भन्नाट उत्तर शोधलं. त्यांचं नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे वर्गात तासन्‌तास बोलणं जमायचं नाही. १९२० साली ते दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू नावाच्या गावात शिकवायला लागले. पाठ्यपुस्तकात मुलांचं मन रमेना, पण बाहेर फिरून आल्यावर तीच मुलं भरभरून बोलायची. मग सरांनी वर्गात चक्क एक छोटा छापखाना आणला!

काम कसं चालायचं बघा. मुलं हवं त्या विषयावर लिहायची. ते वर्गात मोठ्यानं वाचायची. कोणाचं छापायचं, हे मतदानानं ठरायचं. निवडलेला मजकूर फळ्यावर घेऊन सगळे मिळून दुरुस्त करायचे. मग शिशाचे खिळे जुळवायचे, एकेक अक्षर हातानं उचलून. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. त्यामुळे प्रत्येक शब्दापाशी थांबावंच लागायचं. शुद्धलेखन इथे शिक्षा म्हणून येत नव्हतं. चूक छापून गेली तर ती सगळ्यांना दिसणार, म्हणून येत होतं.

आणि 'सगळ्यांना' म्हणजे कोणाला? ही पानं पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या रने दानिएल या शिक्षकांच्या वर्गात जायची. तिकडून त्यांची पानं यायची. इकडे डोंगरातलं गाव, तिकडे अटलांटिकचा किनारा. आपल्या घरची साधी गोष्टही तिकडच्या मुलाला समजावून सांगावी लागणार. लिहिण्याला कारण मिळालं ते इथे.

याला जोखीमही होती बरं का. पुढे साँ-पॉल गावात एका मुलानं लिहिलेलं स्वप्न विरोधकांनी भिंतींवर लावलं आणि फ्रेनेंविरुद्ध रान उठवलं. शेवटी त्यांना ती सरकारी शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये व्हाँसला त्यांनी स्वतःची शाळा उघडली. मुलांचं खरं लिखाण बाहेर गेलं की मोठी माणसं अस्वस्थ होतात, हे तेव्हाही होतं.

आपल्याकडे हस्तलिखित आणि भित्तिपत्रक आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आहे, पण बऱ्याचदा सुंदर अक्षरवाल्या चार मुलांचं, आणि स्नेहसंमेलनानंतर कपाटात. त्याला फक्त समोरचा वर्ग जोडायचा. समजा, कोकणातल्या मुलीनं लिहिलं, 'आम्ही खळ्यात झोपलो.' देशावरचा मुलगा विचारणार, 'धान्य मळता तिथे झोपलात?' मग तिला सांगावं लागेल की आमच्याकडे खळं म्हणजे अंगण. बोलीभाषा, भूगोल, नेमकं लिहिणं, सगळं एका प्रश्नात!

यासाठी छापखाना लागत नाही. एक फोन पुरतो. पानाचा फोटो काढा, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना पाठवा. फक्त मुलांची पूर्ण नावं, पत्ते, चेहरे बाहेर जाऊ देऊ नका. आणि उत्तर येईल याची खात्री आधी करा. कारण उत्तर आलं नाही, तर ती पुन्हा रद्दीतलीच वही.

तुमच्यापैकी कोणी डीएड-बीएड करत असेल, शिकवणी घेत असेल, तर दोन वर्ग जोडून बघा. काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!