अंगठ्याएवढ्या ठशातला माणूस

न्यूकॅसलच्या राल्फ बीलबीच्या कारखान्यात चांदीच्या भांड्यांवरची नक्षी, शिक्के, अंगठ्या, जे येईल ते कोरून मिळे. लाकडावरचं काम मात्र बीलबीला नावडतं. ते १७६७ साली उमेदवारीला लागलेल्या चौदा वर्षांच्या थॉमस ब्यूइकच्या वाट्याला आलं. टाइन नदीकाठच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. लहानपणी कागद संपला की खडूने थडग्यांवरसुद्धा चित्रं काढायचा.

ब्यूइक बॉक्सवुडच्या खोडाच्या आडव्या कापावर कोरी. तिथे रेषा लाकडाच्या धाग्याबरोबर पळत नाही, म्हणून तांब्यावर चालणारी बारीक कोरणी इथेही चालते. कोरलेलं पांढरं उमटतं, राहिलेलं काळं. म्हणजे अंधारातून उजेड काढत जायचं. दूरचं झाड फिकट हवं, तर तेवढा भाग किंचित तासून खाली घ्यायचा, की दाब कमी पडतो. आणि ठसा छपाईच्या खिळ्यांच्याच उंचीचा, त्यामुळे मजकुराबरोबर एकाच फर्म्यात छापता येई. तांब्याच्या पत्र्याला वेगळं यंत्र लागे, खर्चही वेगळा.

१७९० साली त्याचं चतुष्पाद प्राण्यांवरचं पुस्तक आलं. त्यातले परदेशी प्राणी दुसऱ्यांच्या चित्रांवरून काढलेले, आणि ते कळतं. ब्रिटिश पक्ष्यांचे दोन खंड (१७९७ आणि १८०४) मात्र वेगळ्याच तोलाचे. पिसांचा पोतसुद्धा दिसावा असे पक्षी. तरी माझा जीव अडकतो तो पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत छापलेल्या चिमुकल्या चित्रांत. एकात पुलाचा टोल वाचवायला शेतकरी गायीचं शेपूट धरून नदी ओलांडतो, आणि त्याची टोपी वाहून जाते! दुसऱ्यात आयाचं लक्ष नाही आणि पोर घोड्याचं शेपूट ओढतंय. दूर कुठेतरी फाशीचा खांबही असतो. खेड्याचं गोड चित्र काढायची त्याला हौस नव्हती.

तो लंडनला गेला, वर्षभरही टिकला नाही, न्यूकॅसलला परतला. त्याचे काही शिष्य मात्र लंडनला गेले आणि तिथेच स्थिरावले. त्यांतल्या विल्यम हार्वेने कोरणी जवळजवळ सोडलीच. तो फक्त चित्रं काढू लागला, कोरायला दुसरे. १८४२ नंतर सचित्र साप्ताहिकांची घाई सुरू झाली. एक मोठा ठसा तुकड्यांत वाटून अनेक हातांनी कोरायचा, मग बोल्टांनी जोडायचा. ब्यूइक १८२८मध्येच गेला होता. रेघ सुचणारा आणि रेघ कापणारा हात त्याच्याकडे एकच होता. या नव्या कारखान्यात त्याला कुणी कामावर ठेवलं असतं की नाही, मला शंका आहे.