ल्यूसेफ्योर्डला वळसा

नैर्ऋत्य नॉर्वेत, स्टाव्हांगर शहराच्या पूर्वेला, समुद्राची एक अरुंद पट्टी डोंगरांत सुमारे 42 किलोमीटर आत शिरली आहे. हाच ल्यूसेफ्योर्ड. त्याच्या काठाकाठानं चालत जावं म्हटलं, तर बहुतेक ठिकाणी काठच नाही, कडे थेट पाण्यात उतरलेले. म्हणून आधी पठारावर चढायचं, मुक्कामासाठी खाली उतरायचं आणि सकाळी पुन्हा चढायला लागायचं. उत्तरेला प्रेइकेस्तोलेन, बाक्केन, सोंगेसांड. पाण्याच्या टोकाला ल्यूसेबोत्न. दक्षिणेला शेराग आणि फ्लोर्ली. ही ठिकाणं जिथल्या तिथंच आहेत. हट-ते-हट, म्हणजे डोंगरातल्या एका मुक्कामघरातून दुसऱ्यात, चालत ती जोडण्याचं नियोजन मात्र पार बदलून गेलं.

नॉर्वेची पर्यटक संघटना, म्हणजे डीएनटी, 1868 ची. स्टाव्हांगरची स्थानिक शाखा 1887 ची. प्रेइकेस्तोलेनचा सपाट माथा पाण्यापासून 604 मीटर उंच आहे. बोटीतून तो दिसल्यावर तिथं पायी पोचता येतं का, याचा शोध विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. मार्ग हुडकणं हेच तेव्हाचं नियोजन. पुढे दगडांवर वाट दाखवणारी लाल ‘टी’ अक्षरं रंगवली गेली आणि देशभर हटचं जाळं पसरलं. त्यातल्या बिनमाणसांच्या हटची व्यवस्था मला या सगळ्या इतिहासात सर्वांत थोर वाटते. बहुतेक कुलपांना एकच किल्ली. कोठीत डबाबंद जेवण, सूप, कडक पाव. जे खाल्लं ते स्वतःच कागदावर मांडायचं आणि हिशेब पेटीत टाकायचा. निघताना सरपण भरून ठेवायचं, फरशी पुसायची. खाटा संपल्या तर जमिनीवर गादी पडायची. उशिरा आलेल्याला परत पाठवायचं नाही, असा रिवाज.

खुद्द ल्यूसेफ्योर्डवर मात्र चालणाऱ्यांच्या पदरात बरंच काही पडलं ते विजेमुळे. फ्लोर्लीचं वीजकेंद्र 1918 चं. त्याच्या पाइपालगत देखभालीसाठी 740 मीटर उंचीपर्यंत लाकडी जिना चढवला, पायऱ्या 4444. आज लोक तो हौसेनं चढतात (उतरू नका, अशी विनंती असते आणि ती रास्तच आहे). ल्यूसेबोत्नचं वीजकेंद्र 1953 मध्ये सुरू झालं, पण वरून 27 वळणं घेत उतरणारा रस्ता खुला व्हायला 1984 उजाडलं. तोही हिवाळ्यात बंद. फ्लोर्लीला अजून रस्ता नाही.

दरम्यान नियमही आकाराला येत होते. 1957 च्या कायद्यानं मोकळ्या रानात फिरण्याचा सर्वांचा जुना हक्क लेखी केला. वस्तीच्या घरापासून 150 मीटर सोडून तंबू टाकायला मुभा मिळाली. 1967 च्या ईस्टरला डोंगरांत 18 माणसं दगावली, आणि त्यानंतर डोंगरात कसं वागावं याचे नियम घरोघरी पोचवले गेले. त्यातला पहिला होता: सरावाशिवाय लांब पल्ल्याला निघू नका. 2016 मध्ये नियम नव्यानं लिहिले, तेव्हा पहिल्या जागी नियोजन आलं, आणि कुठं जातोय ते सांगून निघणं.

त्याच सुमारास गर्दी लोटली. प्रेइकेस्तोलेनच्या पायथ्याशी 2008 मध्ये नवं लाकडी विश्रामगृह उभं राहिलं. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगड रचून वाट पक्की केली. ‘मिशन इम्पॉसिबल’च्या 2018 च्या चित्रपटात टॉम क्रूझ ज्या कड्याला लोंबकळतो, तो पडद्यावर काश्मीर म्हणून दाखवलेला कडा हाच! मग 2019 च्या डिसेंबरअखेर समुद्राखालचा 14 किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि स्टाव्हांगरहून फेरी न पकडता थेट गाडीनं येता यायला लागलं. तरीही गर्दी प्रेइकेस्तोलेनवर आणि शेरागच्या कपारीत अडकलेल्या त्या प्रसिद्ध धोंड्यापाशीच थांबते. मधल्या टप्प्यांवर पठार, तळी, जूनमध्येही न वितळलेला बर्फ, आणि माणूस क्वचित.

मोठी उलथापालथ झाली 2020 मध्ये. साथीमुळे हट बंद झाल्या आणि उघडल्या त्या आगाऊ आरक्षणाच्या अटीवर. साथ ओसरली तरी आरक्षणाची सवय राहिली. खाटेची खात्री मिळाली, हे खरं. पण पूर्वी पाऊस झोडपत असेल तर त्याच हटमध्ये आणखी एक रात्र काढता यायची. आता पुढच्या हटचे पैसे भरलेले असतात, आणि इथल्या खाटेवर संध्याकाळी दुसरं कुणी येणार असतं. मग लोक धुक्यात निघतात. मागे फिरायला लाजू नका असं सांगणारा डोंगराचा नियम आणि रद्द न होणारं आरक्षण यांचं जमत नाही, आणि अशा वेळी पैसे बुडू द्यावेत, असंच माझं मत.

त्यामुळे माहितगार हल्ली खाटांच्या आधी बोटीचं वेळापत्रक उघडतात. सोंगेसांड, फ्लोर्ली, ल्यूसेबोत्न या तिन्ही ठिकाणी बोट लागते. हवा बिघडली तर एखादा टप्पा पाण्यावरून ओलांडता येतो. एक दिवस हाताशी राखून, हलका तंबू सॅकमध्ये टाकून, मग उरलेल्या रात्रींची आरक्षणं.