अब्रूचा कायदा आणि छापील शब्द

आळींत कोणी कोणाची निंदा केली तर ती चार घरें फिरते आणि विरून जाते. तीच निंदा छापून निघाली म्हणजे तिला पाय फुटतात. म्हणून वर्तमानपत्रकर्त्यांना अब्रूनुकसानीच्या कायद्याचें भय आरंभापासूनच बाळगावें लागलें आहे.

मुंबईंत १८६२ सालीं गाजलेला महाराज-खटला पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनीं वल्लभसंप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लिहिलें, आणि जदुनाथजी महाराजांनीं पन्नास हजार रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. करसनदासांनीं लिहिलेलें सिद्ध करून दाखविण्याची जोखीम पत्करली. डॉ. भाऊ दाजींसारखे साक्षीदार उभे राहिले व मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूनें लागला.

पुढें वीस वर्षांनीं पुण्याच्या दोन तरुण संपादकांच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें निघून पुरें वर्षहि झालें नव्हतें, तोंच कोल्हापूरचे अल्पवयी छत्रपति चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यास येऊं लागल्या. दोन्ही पत्रांनीं कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. तिला आधार म्हणून बर्व्यांच्या नांवाचीं कांहीं पत्रेंहि प्रसिद्ध झालीं. बर्व्यांनीं फिर्याद केली, आणि तीं पत्रें बनावट असल्याचें उघड झालें! आगरकर व टिळक यांनीं माफी मागितली. पण फिर्यादीनें खटला मागें घेतला नाहीं. जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेट उरवणे या वेळीं जामीन राहिले, हें येथें सांगितलेंच पाहिजे. १७ जुलै १८८२ रोजीं दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगांत ते एकशें एक दिवस राहिले. त्या दिवसांवर आगरकरांनीं पुढें पुस्तकहि लिहिलें.

हेतु चांगला असतां शिक्षा कां व्हावी, असा प्रश्न सहजच सुचतो. दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमांत दहा अपवाद होते. त्यांतला पहिला सत्याचा. पण फौजदारी खटल्यांत मजकूर नुसता खरा असून भागत नाहीं, तो प्रसिद्ध होणें लोकहिताचें होतें हेंहि आरोपीनेंच दाखवावें लागतें. (दिवाणी दाव्यांत मात्र सत्य सिद्ध झालें म्हणजे पुरतें.) इतर बऱ्याच अपवादांना सद्बुद्धीची अट आहे, आणि योग्य सावधगिरीवांचून केलेल्या कृत्याला कायदा सद्बुद्धीचें कृत्य म्हणतच नाहीं. मनांत कळवळा किती आहे, हें न्यायाधीश मोजीत नाहीं. कागद हातीं आला तेव्हां तो पारखून पाहिला कीं नाहीं, एवढेंच तो विचारतो.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३५६ व्या कलमांत जुनाच गाभा आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही ही शिक्षा कायम राहून समाजसेवेचा पर्याय तेवढा नवा जोडला गेला. बदनामीला फौजदारी गुन्हा मानणें घटनेशीं सुसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालींच दिलेला आहे. इंटरनेटवर एकट्यानें लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकासहि हेंच कलम लागतें. वृत्तपत्राच्या पाठीशीं मालक असतो, वकील असतो. ब्लॉगलेखकाला मात्र दूरच्या गांवच्या कोर्टांत तारखेमागून तारखेस स्वतःच्या खर्चानें हजर राहावें लागलें, तर निकाल लागण्यापूर्वींच त्याची लेखणी थांबते. कित्येक फिर्यादींस तेवढेंच हवें असतें.

कोल्हापूरचें प्रकरण मात्र निकालानें संपलें नाहीं. संपादक सुटून आल्यावर चवदा महिन्यांनीं, २५ डिसेंबर १८८३ रोजीं, त्या तरुण छत्रपतींस अहमदनगर येथें मृत्यु आला. त्यांच्यावर देखरेखीस नेमलेल्या गोऱ्या शिपायाशीं त्यांची झटापट झाली होती.