हवेचे भांडवल आणि अश्वशक्तीचा अंदाज

बँकेच्या कर्जविभागात उभी हयात घालवलेल्या माणसाकडे मोटारीच्या इंजिनाविषयी कोणी सल्ला मागेल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या वर्षी माझा भाचा एक कोटेशन घेऊन घरी आला. त्याच्याजवळ जुनी मारुती जिप्सी आहे. तिचे 1298 घनसेंटिमीटरचे इंजिन नव्याने बांधून, टर्बो न बसवता, 150 अश्वशक्ती काढून देऊ, असे आश्वासन एका गॅरेजने दिले होते. खर्च साडेचार लाख. ही रक्कम त्याच्या वडिलांनी गोदामाच्या विस्तारासाठी बाजूला ठेवलेली. त्यामुळे बापलेकांत आठवडाभर अबोला होता. "मामा, तुम्ही बाबांना समजवा," तो म्हणाला. मी म्हणालो, "आधी कागद तर समजून घेऊ."

आपण व्यापारी माणसे. म्हणून हा विषय व्यापाराच्याच भाषेत मांडतो. टर्बो नसलेले, म्हणजेच नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन हा स्वतःच्या भांडवलावर चालणारा धंदा आहे. त्याचे भांडवल म्हणजे हवा. बाहेरच्या वातावरणाचा दाब जितकी हवा सिलिंडरमध्ये ढकलील, तितकीच त्याला मिळणार. टर्बो ही हवा दाबून भरतो. ते कर्जाऊ भांडवल झाले. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरते. म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्या असताना हे इंजिन फार तर सुमारे 3900 लिटर हवा ओढू शकते. त्या हवेच्या प्रमाणातच पेट्रोल जाळता येते. केवळ जास्त पेट्रोल ओतून शक्ती वाढत नाही.

दुकानाचा नफा जसा भांडवल, त्यावरील सुटणारा लाभ आणि मालाची उलाढाल यांवर ठरतो, तशी अश्वशक्ती इंजिनाचा आकार, प्रत्येक लिटरमागे मिळणारा टॉर्क आणि फेऱ्यांची संख्या या तिघांवर ठरते. हिशेब सोपा आहे : न्यूटनमीटरमधील टॉर्कला फेऱ्यांनी गुणावे आणि 7121 ने भागावे. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या जिप्सीची कंपनीने सांगितलेली शक्ती 6000 फेऱ्यांना 80 अश्वशक्ती होती. म्हणजे त्या वेगाला टॉर्क सुमारे 95 न्यूटनमीटर.

आता 150 चा दावा तपासू. फेऱ्या 6000 च ठेवल्या, तर 178 न्यूटनमीटर हवेत. म्हणजे लिटरमागे 137. तुलनेसाठी 1999 साली आलेल्या होंडा एस2000 चे इंजिन घ्या. दोन लिटरच्या त्या इंजिनाने टर्बोविना 8300 फेऱ्यांना 240 अश्वशक्ती दिली आणि जगभर वाहवा मिळवली. त्याचा सर्वाधिक टॉर्क होता 208 न्यूटनमीटर, म्हणजे लिटरमागे 104. जे होंडाच्या अभियंत्यांना साधले नाही, ते गल्लीतल्या गॅरेजला कसे साधणार? मार्ग उरतो तो फेऱ्या वाढवण्याचा. 8000 फेऱ्यांना 150 अश्वशक्ती काढायची, तरी लिटरमागे 103 न्यूटनमीटर लागतात. तेही टॉर्क सामान्यतः उतरणीला लागतो अशा टोकाच्या वेगाला. शिवाय पिस्टन व कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 6000 वरून 8000 वर गेल्यास तो सुमारे 78 टक्क्यांनी वाढतो. कोटेशनात मजबूत रॉड, पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा उल्लेखसुद्धा नव्हता!

मग वास्तव अपेक्षा कोणती? हेडमधील हवेचे मार्ग नीट घासणे, योग्य कॅमशाफ्ट, मोकळा एक्झॉस्ट आणि इंधन व ठिणगीची अचूक जुळणी एवढे केले आणि 7000 फेऱ्यांना 100 न्यूटनमीटर टिकवले, तर 98 अश्वशक्ती होतात. कॉम्प्रेशन रेशो 9 वरून 11 केल्यास तात्त्विक गणिताने कार्यक्षमता फक्त 5 टक्क्यांच्या आसपास वाढते. आणि पेट्रोल त्या दर्जाचे नसेल, तर इंजिन ठोकू लागते व पिस्टन गमावण्याची वेळ येते. मोठ्या कॅमशाफ्टने वरच्या फेऱ्यांना लाभ होतो, पण खालचा जोर घटतो. घाट चढताना आणि गावातल्या गर्दीत नेमका तोच लागतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ असल्याने समुद्रसपाटीच्या तुलनेत दहा-बारा टक्के शक्ती तशीही जाते.

आणखी एक सावधगिरी. इंजिनावरची शक्ती आणि चाकांवरची शक्ती हे दोन वेगळे आकडे आहेत. गिअरबॉक्स व डिफरन्शिअलमध्ये साधारण पंधरा टक्के खर्ची पडते. कोणता आकडा सांगितला आहे, हे लेखी घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे इंजिनाचा आकार वाढवण्यासारख्या कामाआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही विचारून घेतलेले बरे.

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आरंभीची शिल्लक मोजल्याशिवाय वही उघडू नये. त्याने डायनोवर गाडी चढवली. चाकांवर 61 अश्वशक्ती भरल्या. सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासल्यावर एकातून गळती आढळली. म्हणजे निम्मे दुखणे जुनेपणाचेच होते. दुसरी, खर्चाची मर्यादा आधी ठरवावी. परिग्रहाचे परिमाण बांधून घेण्याची शिकवण आपल्या घरात आहेच. ती हौसेलाही लागू आहे. त्याने दीड लाखाची मर्यादा घातली, आणि तीही स्वतःच्या बचतीतून. गोदामाच्या पैशाला हात लागला नाही. काम दुसऱ्या एका मिस्त्रीने केले. त्याने आधीच सांगितले होते, "चाकांवर ऐंशीच्या आसपास, त्यापुढे शब्द देत नाही." डायनोवर 79 भरल्या.

भाचा प्रथम थोडा खट्टू झाला होता. परंतु दिवाळीनंतर त्याच गाडीतून तो वडिलांना कुंभोज-बाहुबलीच्या दर्शनाला घेऊन गेला. परतल्यावर मेव्हण्यांनी मला फोन केला. गाडीविषयी ते एवढेच म्हणाले, "चढाला आता कुरकुरत नाही." पुढचा अर्धा तास ते गोदामाच्या विस्ताराविषयी बोलत होते, आणि त्याचे अंदाजपत्रक मुलाने केले आहे, हे त्यांनी दोनदा सांगितले.