गावाचं जनावर, पण सांभाळायचं कुणी?



मध्यंतरी आपल्या गटातील काही सभासदांना घेऊन न्हावा-शेवा बंदर पाहण्याचा योग आला. माल कंटेनरात भरून परदेशी कसा जातो, हे एकदा डोळ्यांनी पाहावे हा हेतू होता. परतताना मुंबईला जाण्यासाठी आम्ही उरणजवळच्या मोरा बंदरावर आलो. (उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचाच पेटा होता.) मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते. ओहोटी असल्याने लाँचला उशीर होता, म्हणून धक्क्यावरच बसलो.

तिथे एक पिवळसर कुत्रा लंगडत फिरत होता. कुणी मासळीचा तुकडा टाकी, कुणी बिस्किट देई. लाँचवरचा खलाशीही त्याला हाक मारून गेला. आमच्यातल्या तात्यांनी मासळीवाल्या मावशींना विचारले, ‘‘मावशी, कुत्रं कुणाचं हो?’’

‘‘सगल्यांचा हाय तो.’’

‘‘मग पायाला काय झालंय? डॉक्टरला दाखवलं का?’’

मावशी जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘‘कोन नेनार?’’

पुढे बोलता बोलता आम्ही कोल्हापूरकडचे हे कळल्यावर त्यांनीच विचारले, ‘‘ती तुमची हत्तीन, तिचं काय झालं?’’ एवढ्या दूर समुद्रकाठी आपल्या भागातल्या एका जनावराची चौकशी व्हावी, याचे आम्हांला नवल वाटले. लाँचमध्ये बसल्यावर मात्र ध्यानात आले की, मावशींचे कुत्रे आणि आपली हत्तीण यांचा प्रश्न एकच आहे. प्रेम सगळ्यांचे, पण निगा कुणाची? त्याविषयी या अंकात चार गोष्टी लिहीत आहोत.

नांदणीला काय घडले

शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठ सर्वांना ठाऊक आहे. या मठाशी ७४३ गावे जोडलेली मानली जातात. या मठात महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण सुमारे ३३ वर्षे होती. पूजा, मिरवणूक, पंचकल्याणक अशा प्रसंगी ती असायचीच.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या ‘पेटा इंडिया’ या संस्थेने तिच्या प्रकृतीबद्दल व तिला ठेवण्याच्या पद्धतीबद्दल तक्रार केली. पाळीव हत्तींच्या प्रश्नासाठी निवृत्त न्यायमूर्ती दीपक वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती आहे. तिच्यापुढे हा विषय गेला. हत्तिणीला गुजरातेत जामनगर येथील ‘वनतारा’शी संबंधित हत्ती कल्याण न्यासाकडे पाठवावे, असा आदेश समितीने दिला. मठाने त्याविरुद्ध दाद मागितली. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समितीचा आदेश कायम केला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयातही मठाला यश आले नाही. त्याच रात्री महादेवीला गाडीत चढवून नेण्यात आले.

त्या रात्री नांदणीत माणसांचा समुद्र लोटला होता. म्हातारी माणसे ढसाढसा रडली. काही ठिकाणी पोलिसांच्या गाड्यांवर दगडफेकही झाली. ती गोष्ट चांगली झाली नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे. पुढचे आंदोलन मात्र शिस्तीत झाले. दोन लाखांहून अधिक सह्या गोळा करून राष्ट्रपतींकडे पाठविण्यात आल्या. ३ ऑगस्टला श्री. राजू शेट्टी यांच्या पुढाकाराने नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरची मूक पदयात्रा निघाली. त्यात जैन होते, मराठे होते, लिंगायत होते, मुसलमान होते, दलित होते. एरवी एका व्यासपीठावर न दिसणारे पुढारीही त्या मागणीसाठी एकत्र आले.

५ ऑगस्टला मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत बैठक घेतली. सर्वोच्च न्यायालयात पुनर्विचारासाठी जाण्याचे व हत्तिणीची निगा राखण्यासाठी डॉक्टरांसह पथक नेमण्याचे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी ‘वनतारा’नेही भूमिका मांडली. हत्तिणीला परत आणण्याच्या प्रयत्नात आपण सोबत राहू आणि नांदणी परिसरात तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभारण्यास मदत करू, असे त्यांनी जाहीर केले.

एका जनावराभोवती गाव का गोळा होते?

आम्हांला यात तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, हत्तीण कुणा एकाची नव्हती. आपल्या गोठ्यातली म्हैस आपली असते, शेजाऱ्याचा बैल शेजाऱ्याचा असतो. मठाची हत्तीण सर्व गावांची. ज्याने कधी एक केळे दिले, एक उसाचे कांडे दिले, तो तिचा सभासद झाला. शेअरची रक्कम लहान असली तरी मालकीची भावना पुरी असते, हे सहकारात काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण, जनावराला जात-पात नाही की गट-तट नाही. सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे हत्तिणीपुढे शेजारी उभी राहत. भांडणाऱ्या दोघांना एकत्र येण्यासाठी तिसरी जागा लागते. ती जागा हे मुके जनावर देते.

तिसरे कारण आठवणींचे. तीस वर्षे म्हणजे एक पिढी. ज्या मुलाने भीत भीत तिच्या सोंडेला हात लावला, तोच आता आपल्या पोराला खांद्यावर घेऊन दाखवायला नेत होता. माणूस जनावरासाठी रडतो तेव्हा त्यात आपल्या मायबापाची, बालपणाची आठवणही मिसळलेली असते. त्या रडण्याला कुणी हसू नये.

न्यायालयाने काय पाहिले?

आता दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण शिकण्यासारखे तिथेच आहे.

मठाचे म्हणणे असे की, आम्ही तिला लेकीप्रमाणे सांभाळले. त्या मायेबद्दल कुणीच शंका घेऊ नये. पण कामकाजात पुढे आले ते पशुवैद्यकीय अहवाल. पाय कुजल्याचे, नखे वाढल्याचे, अंगावर जखमा असल्याचे आणि एकाच जागी डोके हलवत राहण्याच्या सवयीचे उल्लेख त्यांत होते. धार्मिक कार्यासाठी हत्ती वापरण्याचा माणसाचा हक्क आणि चांगले जगण्याचा हत्तीचा हक्क यांत उच्च न्यायालयाने हत्तीचा हक्क वरचा मानला.

हत्तीच्या पायाचे एवढे महत्त्व का? हत्तीच्या तळव्यात चरबीची जाड गादी असते. काही हजार किलोचे वजन त्या गादीवर पेलले जाते. रानात हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चरतो आणि चरता चरता मैलोगणती चालतो. मऊ-खडबडीत जमिनीवर नखे आपोआप घासली जातात, गादीत रक्त खेळते. तोच हत्ती सिमेंटच्या ओल्या फरशीवर साखळीला बांधून उभा राहिला, की नखे वाढतात, भेगा पडतात, भेगांत घाण शिरते व पाय कुजू लागतो. शिवाय हत्तीण कळपात राहणारी. आई, मावशी, बहिणी यांचा तो कळप असतो. एकटी पडली की मन रमत नाही आणि ती उभ्या उभ्या डोलू लागते. पाहणाऱ्याला वाटते, ‘‘हत्तीण खुशीत आहे.’’ जाणकार सांगतो, हे त्रासाचे लक्षण आहे.

नांदणीसाठी ‘वनतारा’ने जो आराखडा सांगितला, त्यात पाण्यात उभे करून उपचार करण्याचे तळे, पोहण्यासाठी मोठे तळे, वाळूचे ढीग, रबराची जमीन, रात्रीचा निवारा, उपचारांची खोली व साखळीविना फिरण्याची मोकळी जागा हे सारे होते. ही यादी वाचली म्हणजे एक हत्ती पाळणे म्हणजे काय, हे कळते. नुसते केळे आणि ऊस देऊन ते भागत नाही.

पूर्वीही असेच घडले होते

नांदणीचे प्रकरण पहिले नव्हे. जोतिबा देवस्थानाला २००७ साली ‘सुंदर’ नावाचा हत्ती अर्पण केला होता. त्याला साखळदंडांत ठेवल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि जून २०१४ मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवावे लागले. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात अकरा वर्षे आधी घंटा वाजली होती. तेव्हाच बाकीच्या हत्तींच्या पायांची, जागेची, डॉक्टरांच्या नोंदींची व्यवस्था गावोगाव लागली असती, तर पुढची वेळ कदाचित वेगळी आली असती.

केरळात गुरुवायूर देवस्थानाचा ‘केशवन’ हत्ती असाच लोकांचा लाडका होता. १९२२ साली तो देवाला अर्पण झाला व १९७६ साली एकादशीच्या सुमारास वारला. त्याचा पुतळा उभारला असून दरवर्षी तिथे मानवंदना होते. त्या देवस्थानाने आपल्या हत्तींसाठी वेगळी मोठी जागा राखली आहे आणि दर जुलैत महिनाभर काम बंद ठेवून औषधी खुराक देण्याची पद्धत ठेवली आहे. तिथल्याही हत्तींच्या वागणुकीबद्दल तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. तिथे सारे आलबेल आहे असे नाही. पण निगेसाठी वर्षातला महिना ठरलेला असणे, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. माया मनात असते. निगा मात्र कॅलेंडरवर लिहावी लागते.

आता आपल्याकडे पाहू

सभासद म्हणतील, ‘‘साहेब, आमच्याकडे हत्ती कुठला आलाय?’’ खरे आहे. पण हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या बैलगाड्यांसह आपल्या शिवारात उतरतात. पाच महिने ते बैल आपल्याच गावाबाहेर, आपल्याच उसाच्या ओझ्याखाली असतात. बेंदराला आपण घरच्या बैलांना न्हाऊ-माखू घालतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी खाऊ घालतो. आणि गाडीवानाचा बैल? तो गाडीवानाचा, मुकादमाचा, की कारखान्याचा? ‘‘सगल्यांचा’’ म्हटले तर ‘‘कोन नेनार?’’ हा मोऱ्याच्या मावशींचा प्रश्न आपल्याही दारात उभा राहतो.

यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. लसीकरण. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी. २०२२ साली लम्पीने काय हाहाकार केला, तो विसरू नये. बाहेरून आलेल्या बैलांची लस झाली आहे का, हे तळ पडतानाच विचारावे. त्यात आपल्या गोठ्याचेही रक्षण आहे.

२. वाडे. हंगामात बैल जवळजवळ वाड्यांवरच जगतात. वाड्यांत ऑक्झलेट असते. ते शरीरातील चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते व जनावर आतून कमजोर होते. म्हणून वाड्यांबरोबर कडबा किंवा इतर चारा आणि खनिज मिश्रण द्यावे. चुन्याची निवळी वापरायची झाल्यास प्रमाण पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे.

३. खांदा आणि खूर. जू घासून खांदा सुजला की तो बैल जुंपू नये. नाल झिजले असल्यास वेळेवर मारून घ्यावेत. बैलाचा पाय गेला म्हणजे गाडीवानाचा हंगाम गेला आणि त्याची उचल अंगावर राहिली, हे विसरू नये.

४. कामाचे तास. ओझ्याच्या जनावरांसंबंधी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक नको, आणि उष्णता ३७ अंशांच्या वर गेली तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे फार महत्त्वाचे ठरते. गव्हाणीपुढे गाड्या खोळंबल्या तर बैल सोडून सावलीला बांधावेत.

५. रात्रीचा प्रवास. गाडीच्या मागे रिफ्लेक्टर असल्याखेरीज फडातून गाडी निघू देऊ नये. सांगायला दोन मिनिटे लागतात, त्यात दोन बैल व एक माणूस वाचतो.

६. गावची समिती. प्रत्येक गावात पाच जणांनी जबाबदारी घ्यावी. त्यांच्याकडे एक वही असावी. कोणत्या तळावर किती बैल, लस कधी, कोणता बैल आजारी, डॉक्टर कधी येऊन गेले, याची नोंद तीत ठेवावी. बेंदराच्या वर्गणीतून थोडी रक्कम औषधासाठी बाजूला काढावी. अशी वही ज्या गावात सुरू होईल, त्या गावाने आमच्या शेतकी गट कार्यालयास कळवावे. आम्ही स्वतः येऊन पाहू.

शेवटी एवढेच

नांदणीच्या पदयात्रेने दाखवून दिले की, एका मुक्या जिवासाठी शेकडो गावे एका दिवसात एक होऊ शकतात. ही ताकद लहान नाही. कालवे, सोसायट्या, कारखाने याच ताकदीवर उभे राहिले. पण कारखाना नुसत्या उद्घाटनाच्या गर्दीवर चालत नाही. तो रोजच्या पाळ्यांवर चालतो. जनावरावरच्या मायेचेही तसेच आहे. निरोपाच्या रात्री जितकी माणसे जमली, त्यातली दहा जरी आळीपाळीने दर आठवड्याला पाय तपासायला, जागा झाडायला, नोंद लिहायला उभी राहिली, तर लाडक्या जनावराला निरोप देण्याची पाळी कमी येईल.

मोऱ्याची लाँच सुटली तेव्हा तात्या धक्क्याकडे बघत म्हणाले, ‘‘साहेब, त्या कुत्र्याला रिक्षात घालून डॉक्टरकडं न्यायला आपल्याला अर्धा तास होता की हो.’’ आम्हांला उत्तर देता आले नाही. आपणही फुकाचे हळहळलो, नेले नाहीच. येत्या हंगामात निदान आपल्या शिवारात तरी असे होऊ नये, म्हणून हे लिहिले.

— ऊस विकास अधिकारी