हिवताप आणि सिकलसेल : ॲलिसन यांचे संशोधन व विदर्भ

नागपुरातील धंतोली हा परिसर रुग्णालये व रक्ततपासणी केंद्रे यांमुळे विदर्भभर परिचित आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांतून उपचारासाठी येणाऱ्या काही कुटुंबांच्या हाती पडणाऱ्या अहवालात ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढेच शब्द असतात. संबंधित व्यक्ती सिकलसेलची रुग्ण आहे की केवळ वाहक, हे त्यावरून कळत नाही. वाहकालाच रुग्ण समजून ठरत आलेला विवाह मोडणे हा या संदिग्धतेचा एक परिणाम होय. रुग्ण व वाहक यांतील भेद किती मूलभूत आहे, हे ए. सी. ॲलिसन यांच्या हिवतापविषयक संशोधनातूनही दिसून येते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्यास प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्याचा आकार घेते. हा दोष माता व पिता या दोहोंकडून आल्यास व्यक्ती रुग्ण (एसएस) होते. एकाकडूनच आल्यास ती वाहक (एएस) असते व सामान्यतः निरोगी जीवन जगते. पूर्वी असे रुग्ण बहुधा बालपणीच दगावत. तरीही हे जनुक पिढ्यान्पिढ्या टिकून कसे राहिले, हा प्रश्न होता.

केनियात वाढलेल्या ॲलिसन यांनी १९४९ मध्ये तेथील निरनिराळ्या भागांत रक्तनमुने गोळा केले. समुद्रकिनारा व व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर येथे वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक, तर उंच, कोरड्या प्रदेशात अत्यल्प आढळले. हिवतापाचा नकाशाही जवळपास असाच होता. १९५३ मध्ये त्यांनी ३० लुओ स्वयंसेवकांना फाल्सिपेरम हिवतापाचा संसर्ग घडवून आणला. वाहक नसलेल्या १५ पैकी १४ जणांच्या रक्तात परजीवी आढळले. १५ वाहकांपैकी केवळ दोघांच्या. (आजची कोणतीही नीतिसमिती या प्रयोगास अनुमती देणार नाही.) कंपालाजवळील २९० बालकांच्या तपासणीत ४३ वाहकांपैकी १२ जणांत, तर उर्वरित २४७ पैकी ११३ जणांत परजीवी मिळाले. १९५४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

परजीवी शिरलेली वाहकाची पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला परजीवीसह रक्तातून दूर करते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र हे संरक्षण वाहकापुरतेच आहे, तेही पूर्ण नाही. रुग्णाच्या शरीरात आधीच पेशींचा नाश चाललेला असतो. त्यात हिवतापाची भर पडल्यास रक्तक्षय झपाट्याने वाढून जीवावर बेतते. ‘सिकलसेल असल्यास हिवताप होत नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे. हिवतापग्रस्त गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात सिकलसेल रुग्णाचा ताप ही तातडीची बाब मानली पाहिजे.

भारतात हे जनुक प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत नोंदले गेले. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. डॉ. एस. एल. काटे यांच्या २००२ मधील लेखानुसार भिल्ल, माडिया, पावरा, परधान अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आहे. हा दोष आशियात स्वतंत्रपणे उद्भवला, असा पुरावा १९८६ मध्ये मांडला गेला. २०१८ च्या जनुकीय विश्लेषणाने पुन्हा एकाच उगमाची बाजू घेतली. हा वाद अद्याप मिटलेला नाही. उगम कोठेही असो, येथील जंगलप्रदेशात हे जनुक हिवतापाच्या दबावाखाली टिकले, हे स्पष्टीकरण दोन्ही पक्षी लागू पडते.

प्राथमिक विद्राव्यता चाचणीतून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. एएस व एसएस यांतील फरक कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. इतक्या मोठ्या संख्येत पहिल्या चाचणीवरच थांबण्याचा मोह होणे स्वाभाविक, परंतु समुपदेशनाचा सारा आधार दुसरी तपासणी आहे. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेत रुग्ण अपत्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व सर्वसाधारण हिमोग्लोबिन असलेली व्यक्ती यांच्या विवाहात सिकलसेलग्रस्त अपत्य होत नाही, अपत्य वाहक होण्याची शक्यता मात्र ५० टक्के असते.